दुसऱ्या पासावरचे डॉक्टर

आईशप्पथ, गळ्याशप्पथ आणि आणखी ज्या कुणाची घ्यायची असेल त्याची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी पदरचं घातलं असेन तर माझी जीभ झडून पडो. आणि ती पडली तर घरात किती जणांना बरं वाटेल हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून जपूनच सांगतेय. तेव्हा हसू नका, जरा पुढं सरका.

एक होती प्राध्यापिका. कॉलेजात नाटक शिकवायची. करायची नाही हां, शिकवायची. पोहणारा वेगळा आणि पाणी कशाचं बनलंय ते सांगणारा वेगळा, ही त्यातली दुसरी. मुलं तिला पाठीमागं 'तळटीप' म्हणायची. कारण तिच्या प्रत्येक वाक्याला खाली एक शेपूट असायचं. "बसा" म्हणाली की लगेच, "म्हणजे ज्यांना बसायचंय त्यांनी, आणि इथं बसणं या शब्दाचा मर्यादित अर्थ घ्यायचा." तोवर निम्मा वर्ग उभाच.

तिनं एक ग्रंथ लिहिला होता. नाटकातली माणसं बोलता बोलता गप्प होतात ना, त्या गप्प होण्यावर. इतका जाड, की उशाला घेतला तर मान लचकावी. तो अख्खा वाचला दोघांनीच, परीक्षकानं आणि बायंडरनं. बायंडरला आवडला म्हणे.

तर एकदा ही बाई वर्गाला घेऊन नाटकाला गेली. परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "मॅडम, आवडलं का तुम्हाला?"

"संरचनेच्या अंगानं पाहिलं तर दुसरा अंक..."

"तसं नाही हो मॅडम. आवडलं का?"

तळटीपेनं बोलायला तोंड उघडलं. ते उघडलं ते उघडंच राहिलं. गाव मागं गेलं, पूल मागं गेला, कॉलेजचं फाटक आलं, तरी उघडंच. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, उतरताय ना?" तेव्हा कुठं मिटलं.

त्या दिवसापासून तिचं चित्तच उडालं. फळ्याकडं तोंड केलं की पाठीत तो प्रश्न टोचायचा. वर्ष कसंबसं ढकललं आणि राजीनामा नेऊन ठेवला. विभागप्रमुख म्हणाले, "बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे. मला काय आवडतं ते बघायचंय."

"त्यासाठी रजा मिळत नाही हो."

"म्हणून तर राजीनामा."

सामान बांधून ती वडिलांकडं राहायला आली. वर राहायच्या दोन खोल्या आणि खाली दवाखाना. वडील दातांचे डॉक्टर. आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं. पेशंट आता कोपऱ्यावरच्या नव्या चकचकीत दवाखान्यात जायचे. पण डॉक्टर रोज सकाळी खाली उतरायचे, ती पेशंटची उंच खुर्ची पुसायचे, हत्यारं उकळायचे आणि परत वर यायचे. कुणी आलंच तर असावं तयार, असं म्हणायचे.

त्या खुर्चीचं तेवढं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही. आई होती तेव्हा दुपारचं जेवण उरकलं की दवाखान्याचं दार लोटलं जायचं. डॉक्टर खुर्ची मागं पाडून पेशंटसारखे आडवे व्हायचे, आणि आई शेजारच्या स्टुलावर बसून त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. दीड पान झालं न झालं की डॉक्टर गाढ. एरवी घोरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रात्री घोरायचे तेव्हा समोरच्या घरातल्या कपबशा किणकिणायच्या, मी स्वतः ऐकल्यात. पण त्या खुर्चीत हूं नाही की चूं नाही. नुसता उजवा हात खाली लोंबत असायचा, तळवा उघडा. उभ्या संसारात त्या माणसानं एकाही गोष्टीचा शेवट ऐकला नव्हता. खून कुणी केला, लग्न झालं का मोडलं, काही पत्ता नाही.

आणि ते झोपले तरी आई थांबायची नाही. आवाज खाली उतरवायची आणि वाचत राहायची. तळटीप लहान असताना दारातून डोकावून म्हणायची, "आई, झोपलेत ते. कुणाला वाचतेयस?"

"शूऽऽ! थांबले तर जागे होतील."

आई गेली आणि डॉक्टरांची दुपारची झोपही गेली. जेवण झालं की खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांचे दात मोजायचे.

इकडं तळटीपेनं मिळेल ते लिहायला घेतलं. कुणाच्या निरोपाचं भाषण, कुणाच्या दुकानाची जाहिरात, कुकरचं माहितीपत्रक. त्या माहितीपत्रकात तिनं 'शिट्टी' या शब्दाला खाली टीप दिली, तेव्हा कंपनीच्या माणसानं कपाळाला हात लावला. मग एका वर्तमानपत्राचा संपादक म्हणाला, "बाई, तुम्ही नाटकं का नाही बघत आमच्यासाठी? आमचा परीक्षक थेटरातल्या थंडीला घाबरतो." ही लगेच हो म्हणाली. दर परीक्षणाला दोन पास मिळायचे. दुसरा वाया कशाला घालवायचा, म्हणून डॉक्टरांना सोबत न्यायला लागली. तेवढीच खिडकी सुटेल त्यांची.

डॉक्टर नाटक बघायचे ते दातांसकट. "तो राजा बघ. वरची कवळी आहे. 'सैनिकहो' म्हणताना ढिली पडते."

"बाबा, हळू!"

"आणि राणी डाव्या बाजूनं चावत नाही. दुखत असणार बिचारीला."

आवडत असलं की हे असं चालायचं. नाही आवडलं की मान मागं पडायची, तोंड उघडायचं आणि घोरणं सुरू. तेही कसं? एकदा रंगमंचावर मेलेली राणी काय झालं बघायला उठून बसली. एकदा वादळाचा आवाज काढणारा माणूस आपलं यंत्र बंद करून घरी गेला, इथं माझी गरज नाही म्हणाला. खोटं वाटतंय? जाऊन विचारा त्याला.

आता खरी गोम ऐका. तळटीपेला अजूनही कळत नव्हतं, आपल्याला काय आवडतं ते! नाटक चांगलं हेही ती सिद्ध करू शकायची आणि वाईट हेही, दोन्हीकडून सारखीच छान. मग ती काय करायची? अंधारात हळूच शेजारी बघायची. बाबा जागे, तर नाटक चांगलं. बाबा झोपले, तर पडलं. आणि घरी येऊन त्याला कारणं शोधायची. कारणं शोधण्यात तर तिचा हातखंडा! लोक म्हणायचे, काय अचूक लिहिते बाई. ती वरमून खाली बघायची. हे गुपित तिनं डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

पण नाटकवाले काय डोळे मिटून असतात? पडद्याच्या फटीतून बघून बघून त्यांनी ताडलं की डॉक्टर झोपले की आपलं भरलं. मग चालली धडपड. एकानं डॉक्टरांना कॉफी पाठवली, इतकी कडक की त्यात चमचा उभा राहिला. एकानं त्यांच्या खुर्चीची गादी काढून घेतली. एका नायकानं तर पुढचे चारही दात नवे करून घेतले, डॉक्टर बघत तरी बसतील म्हणून. डॉक्टर बघत बसले, आणि नाटक चाललं.

अशात एक दिवस फोन आला. "मॅडम, ओळखलंत का? मी मागच्या बाकावरची."

तळटीप ताडकन उठून उभी राहिली. इतक्या वर्षांनी तोच आवाज! ती मुलगी आता स्वतः नाटक बसवत होती. जुन्या गोदामाचा छोटा हॉल केलेला, तिथं दुपारचे खेळ लावले होते, कारण दुपारी तो हॉल कुणाला नको असतो.

"मॅडम, रविवारच्या खेळाला खुर्च्या भरल्या नाहीत ना, तर हॉलवाला सोमवारपासून तिथं व्यायामाचे वर्ग लावणार आहे. मग आमचं नाटक संपलंच. तुम्ही गुरुवारी येता का?"

"येते. पण मी चांगलंच लिहीन असं..."

"चांगलं लिहा नाही म्हणत मी. आवडलं का, एवढंच लिहा."

म्हणजे बघा! जिथं दुखतं तिथंच बोट.

गुरुवारी दोघं गेली. दारात मागच्या बाकावरची उभी, हातात कप. "डॉक्टर, कॉफी?"

"नको गं बाई. नाटकवाल्यांच्या कॉफीनं माझ्या दातांचा रंग बदलला."

नाटक काय, तर एक टेबल, एक दिवा आणि आतल्या खोलीचं अर्धवट उघडं दार. एक वयस्क बाई येते, बटणं तुटलेल्या शर्टांचा ढीग घेऊन बसते, आणि बटणं लावता लावता आतल्या नवऱ्याशी बोलते. नवरा काही दिसत नाही. बाजारात कोण भेटलं, नळ कसा गळतोय, शेजारणीनं काय टोमणा मारला. बस, एवढंच. त्या नटीचा आवाज खालच्या पट्टीतला, खरखरीत, उन्हात ठेवलेल्या पांघरुणासारखा ऊबदार. मग बोलता बोलता ती मध्येच थांबते. मान वाकडी करून दाराकडं कान देते. झोपला वाटतं. जराशी हसते, आणि आवाज खाली आणून पुढं बोलायला लागते. बोलतच राहते.

ग्रंथ लिहिला होता हो तळटीपेनं, माणसं गप्प होतात त्यावर! आणि आज एक बाई दोन श्वास गप्प झाली आणि हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पर्समधून रुमाल काढला, तोंडात कोंबला, नाक पुसलं, आणि सवयीनं शेजारी बघितलं.

डॉक्टर झोपले होते.

डोळे मिटलेले, तोंडही मिटलेलं. उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबतोय, तळवा उघडा. तळटीपेनं बघितलं ते एवढंच, की झोपलेत. बाकीचं बघायला तिचे डोळे कोरडे कुठं होते?

टाळ्या सुरू झाल्या तोवर डॉक्टर ताठ बसले होते, जणू काही झालंच नाही. पण गालावर खुर्चीच्या कापडाची नक्षी उठली होती. दारात मागच्या बाकावरचीनं ती नक्षी बघितली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली एवढंच, "या हं मॅडम. जपून जा, पायरी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळटीप टेबलाशी बसली. बाबा झोपले, म्हणजे पडलं. मग डोळ्यांना पाणी का आलं? आलं असेल, दिव्याची झळ असेल. तिनं कारणं शोधायला घेतली. कथानक नाही. संघर्ष नाही. बटणं फार. नवरा दिसत नाही, त्यामुळे समोरासमोरचा ताण उरत नाही. एकाला एक कारण चिकटत गेलं, आणि बघता बघता परीक्षण तयार. असं धारदार, की कागद कापला जावा. पण पाठवायला हात होईना. आतून कुणीतरी पदर ओढत होतं.

फोन वाजला. संपादक. "बाई, छापखाना माझ्या सासूबाईंसारखा माझ्याकडं बघतोय. पाठवताय ना?"

"पाठवते."

तेवढ्यात डॉक्टर चहा घेऊन आले. "काय लिहिलंस? वाच की."

तिनं वाचलं. डॉक्टर चहात टोस्ट बुडवून ऐकत होते. ऐकता ऐकता टोस्ट अर्धा तुटून चहात पडला, तरी लक्ष नाही.

"कुठलं गं हे नाटक?"

"कुठलं काय? कालचं."

"छे! काल तर त्या बाई बटणं लावत होत्या."

"तेच हे, बाबा."

"ते वाईट होतं?"

"तुम्ही झोपलात की!" तळटीप एकदम ओरडलीच. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. दर नाटकाला शेजारी बघते ते, तुम्ही घोरलात की पाडते ते, मला स्वतःला काही म्हणजे काही कळत नाही ते.

डॉक्टर चमच्यानं चहातला टोस्ट शोधत बसले. मग हळूच म्हणाले, "घोरलो का गं काल?"

तळटीपेनं आठवून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"अगं बाळ, घोरतो तर मी कंटाळा आला की. काल तिचा आवाज सुरू झाला, आणि मला वाटलं, दार लोटलंय, खुर्ची मागं पाडलीय. तुझी आई गेल्यावर पहिल्यांदा दुपारची झोप लागली मला. मग ती झोपल्या नवऱ्याशी बोलत राहिली म्हणतेस?"

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर झोपला होतात."

"मला काय माहीत असणार! तू आत्ता वाचलंस ना त्यात, 'निद्रिस्त श्रोत्याशी निरर्थक संवाद.' निरर्थक?"

तळटीपेनं कागदाकडं बघितलं. शब्द तिचेच होते. दारातून डोकावणारी लहान मुलगी आठवली, आणि स्टुलावरून आलेलं ते 'शूऽऽ'. आई रोज जे करायची, त्याला ती भर कागदावर निरर्थक म्हणून बसली होती.

"माझं राहू दे," डॉक्टर म्हणाले. "तुला आवडलं का?"

बस नाही, ड्रायव्हर नाही, उतरायला फाटक नाही. तळटीपेचं तोंड उघडलं. पण या वेळी त्यातून आवाज आला. "मला रडू आलं, बाबा."

"मग तेच लिही की."

"असं कसं लिहू? त्याला पुरावा काय?"

"रुमाल जोड!"

ती हसली, मग रडली, मग एकदम दोन्ही करायला लागली. तो धारदार कागद डॉक्टरांनी घडी घालून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल तेव्हापासून एकदम स्थिर आहे.

तिनं नवं लिहिलं, अगदी छोटं. एक बाई बटणं लावते. नवरा झोपतो. ती आवाज खाली आणते आणि बोलत राहते. मला हे फार आवडलं, मी रडले, रविवारी पुन्हा जाणार आहे. तुम्हीही या. एवढंच. ना संरचना, ना संघर्ष. आणि अगदी शेवटी, सवय जाते थोडीच, एक तळटीप. 'या नाटकाला माझे वडील झोपले. ते घोरले नाहीत.'

संपादकाचा फोन आला. "बाई, वर्तमानपत्रात तळटीप? आणि हीच तळटीप? काढू का?"

"काढलीत तर वरचंही काढा."

छापली बिचाऱ्यानं. आणि बघा मजा! त्या गावातल्या प्रत्येक नाटकवाल्याला, प्रत्येक पेपर टाकणाऱ्याला आणि पाव विकणाऱ्याला डॉक्टरांचं घोरणं ठाऊक होतं. डॉक्टर झोपले आणि घोरले नाहीत? हे काय गौडबंगाल आहे, बघायलाच हवं.

रविवारी हॉल फुटायच्या बेताला आला. खुर्च्या संपल्या, तेव्हा हॉलवाल्यानं व्यायामासाठी आणलेल्या चटया स्वतःच्या हातानं अंथरल्या. चार नवे दात लावलेला नायक पहिल्या रांगेत बसून उगाच हसत होता. मागच्या बाकावरची दारात उभी राहून बोटं मोडत होती. तळटीप तिच्यापाशी थांबली. म्हणाली, "तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जरा उशीर झाला गं."

"जरा?" ती पोरगी म्हणाली. "मॅडम, मला पांढरे केस आलेत!" आणि तिनं मॅडमना मिठीच मारली.

दिवा लागला. बाई बटणं लावायला बसली. नळ, बाजार, शेजारीण. डॉक्टरांची मान हळूहळू कलली, उजवा हात खाली घरंगळला, तळवा उघडला. सगळा हॉल कान देऊन बसला होता. घोरणं नाही. टेबलाशी बसलेल्या बाईनं दाराकडं कान दिला, आणि मग, हे नाटकात नव्हतं बरं का, तिनं तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरांकडं बघितलं. हसली, आणि आवाज खाली आणला. इतका खाली, की माणसं श्वास रोखून पुढं झुकली. या वेळी तळटीपेनं शेजारी बघितलं ते नाटक कसं आहे हे विचारायला नाही. बघितलं आणि लोंबणाऱ्या त्या हातात आपला हात ठेवला.

नाटक संपलं. तर सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या त्या बोटांच्या नुसत्या टोकांनी, पिसं पडावीत तशा, डॉक्टरांची झोप मोडू नये म्हणून. आणि तसेच चवड्यांवर सगळे बाहेर गेले, चपला हातात घेऊन.

काय? असं काय बघताय माझ्याकडं?

बरं बाई, बरं. माझी जीभ मला अजून लागणार आहे, तेव्हा सांगून टाकते. बाकी सगळं खरं, राणी उठून बसली तेही खरं, पण ते बोटांच्या टोकांचं आणि चपलांचं तेवढं मी घातलंय पदरचं. टाळ्या चांगल्या कडकडून वाजल्या, छपरावरची धूळ खाली आली. पण त्या टाळ्यांनी नाही हो डॉक्टर जागे झाले. त्याच्या आधीच झाले होते. पहिली टाळी पडायच्याही आधी, सगळं चिडीचूप असताना त्यांनी डोळे उघडले, लेकीचा हात घट्ट धरला आणि विचारलं,

"का गं, थांबली का ती?"